उलट विचारलेला प्रश्न

दॅट डॉट कॅनइक्वल धिस. जावातली ही ओळसुद्धा पुरती नाही, एका लांबट अटीचा पहिला तुकडा आहे. मार्टिन ओडर्स्की, लेक्स स्पून आणि बिल व्हेनर्स यांनी २००९ साली इक्वल्स ही मेथड कशी लिहावी यावर एक लेख लिहिला, त्यात ती आहे. स्काला भाषेवरच्या त्यांच्या पुस्तकातही हीच मांडणी सापडते. कोड बहुतेक वेळा कामापुरता वाचला जातो आणि मिटवला जातो. हा तुकडा मात्र सावकाश वाचावा असा आहे. त्यातली गंमत एका दिशाबदलात आहे, आणि तो दिशाबदल कशापायी करावा लागला ते ठाऊक नसेल तर ओळ कोरडी वाटते. म्हणून आधी अडचण बघू.

जावात प्रत्येक ऑब्जेक्टला इक्वल्स जन्मतःच मिळते. तिला हात लावला नाही तर ती एवढंच तपासते, की समोर आलेला ऑब्जेक्ट म्हणजे मीच आहे का. आतला मजकूर अक्षरशः एक असला तरी ऑब्जेक्ट दोन असतील तर उत्तर नाही. मजकुरावरून तुलना हवी असेल तर मेथड आपण लिहायची आणि लिहिताना करार पाळायचा. करार असा : प्रत्येक जण स्वतःशी समान, पहिला दुसऱ्याशी समान तर दुसराही पहिल्याशी समान, पहिला-दुसरा समान आणि दुसरा-तिसरा समान, तर पहिला-तिसराही समान, मधे काही बदललं नसेल तर उत्तर बदलायचं नाही, आणि नलशी कुणीच समान नाही. शाळेत सममिती आणि संक्रमकता म्हणून शिकलेलंच हे सगळं. एकटा क्लास असेल तर हा करार सहज पाळला जातो. गाडी अडते ती नात्यात. एक क्लास दुसऱ्याचा वारसा घेतो आणि तुलनेत धरावं असं काहीतरी स्वतःचं त्यात घालतो, तिथे.

जोशुआ ब्लॉक यांनी २००१ सालच्या ‘इफेक्टिव्ह जावा’त हे दाखवायला बिंदू आणि रंगीत बिंदू असे दोन क्लास घेतले, आणि तेव्हापासून जो तो तेच बिंदू उचलतो. कोल्हापुरात बसून बिंदू कशाला? चप्पल हा मूळ क्लास धरा. त्यात एकच गोष्ट, माप. कोल्हापुरी हा तिचा चाइल्ड क्लास. त्यात माप वारशाने आलंच, वर गाव. म्हणजे कापशीची चप्पल, अथणीची चप्पल. इथल्या चप्पल लाइनला, म्हणजे चपलांच्या बाजारात, ज्यांचं जाणं-येणं आहे त्यांना गाव ही वरवरची माहिती नव्हे हे सांगायला नको. कापशी म्हटलं की कान, पट्टा, वेणी यांचा एक विशिष्ट घाट डोळ्यांपुढे येतो; कागल तालुक्यातलं सेनापती कापशी हे गाव त्या घाटाला आपलं नाव देऊन बसलं आहे.

मूळ क्लासची इक्वल्स साधी. समोरची वस्तू चप्पल आहे का हे इन्स्टन्सऑफने बघायचं, असेल तर माप जुळवायचं. चाइल्ड क्लास लिहिणाऱ्याला वाटतं, आपण गावही बघितलं पाहिजे. तो लिहितो : समोरची कोल्हापुरी नसेल तर नाही, असेल तर माप आणि गाव दोन्ही जुळवा. दोन्ही मेथड स्वतंत्रपणे वाचल्या तर कुठेही बोट ठेवायला जागा नाही. आता आठ नंबरच्या साध्या चपलेला विचारा, ही आठ नंबरची कापशी तुझ्यासारखी का? ती म्हणते हो. तिला मापापलीकडे काही कळत नाही, आणि कापशी ही चप्पल तर आहेच. तोच प्रश्न कापशीला विचारा. ती म्हणते, नाही. सममिती तिथेच मोडली. आणि हे कागदावरचं दुखणं नाही : यादीत अमुक वस्तू आहे का असं विचारल्यावर उत्तर काय येईल, हे आता त्या यादीच्या आतल्या कोडने इक्वल्स कोणत्या बाजूने हाकारली यावर ठरतं. जावाची आवृत्ती बदलली आणि ती बाजू बदलली तर कालची ‘हो’ आज ‘नाही’ होऊ शकते.

मग कुणीतरी तडजोड सुचवतं. समोर साधी चप्पल असेल तर कापशीने गाव विसरावं आणि माप तेवढं बघावं. सममिती परत आली. पण आता तीन चपला शेजारी ठेवा. कापशी आठ आणि साधी आठ, समान. साधी आठ आणि अथणी आठ, समान. कापशी आणि अथणी समोरासमोर आल्या की दोघींना आपापलं गाव आठवतं, आणि त्या असमान. करारातली तिसरी अट गेली.

याच तडजोडीचं ब्लॉक यांनी दाखवलेलं पुढचं रूप मला फार आवडतं, कारण ते फसलेलं असूनही आपल्या ओळीच्या अगदी जवळ येऊन गेलेलं आहे. त्यात कापशी स्वतः माप बघत बसत नाही; समोरची कोल्हापुरी नसेल तर ती प्रश्न उलटा फिरवते, म्हणते, तिलाच विचारा मी तिच्यासारखी आहे का. समोर साधी चप्पल असली तर ठीक, ती माप बघून उत्तर देते आणि विषय संपतो. पण समोर चपलेचा दुसराच चाइल्ड क्लास आला, जोधपुरी म्हणा, आणि त्याच्या लेखकाने हीच युक्ती केली असली तर? कोल्हापुरी म्हणते तिला विचारा, जोधपुरी म्हणते तिला विचारा, आणि हे ‘पहले आप’ स्टॅक भरून प्रोग्राम कोसळेपर्यंत चालतं. समोरच्याला विचारावं ही बुद्धी बरोबर होती. चूक एवढीच, की दोघी एकमेकींना तोच प्रश्न परत करत होत्या.

तिसरा मार्ग कडक शिस्तीचा. इन्स्टन्सऑफ सोडून गेटक्लास वापरायचं : दोघांचा क्लास तंतोतंत एक असेल तरच पुढे बोलायचं. सममिती राहते, संक्रमकता राहते, कराराला कुठेही ओरखडा नाही. तरीही ही रचना मला रुक्ष वाटते. उद्या कुणी चपलेचा एखादा चाइल्ड क्लास केला, त्यात तुलनेत धरण्यासारखं काहीच नवं नाही, फक्त पडद्यावर नाव छापायची पद्धत बदलली आहे. तरी गेटक्लास त्याला उंबऱ्यावरच अडवतं. डेटाबेसातले रेकॉर्ड जावाचे ऑब्जेक्ट म्हणून हाती देणारं हायबरनेट ऐनवेळी ज्या प्रॉक्सी तयार करतं त्याही चाइल्ड क्लासच असतात. आत तोच डेटाबेसातला रेकॉर्ड, पण क्लासचं नाव वेगळं, म्हणून असमान. बार्बरा लिस्कॉव्ह यांनी १९८७ च्या व्याख्यानात मांडलेली अपेक्षा, की मूळ क्लासच्या जागी चाइल्ड ठेवला तर वापरणाऱ्याला फरक जाणवू नये, ती इथे उघड मोडते. ब्लॉक यांचाही या मार्गावर हाच आक्षेप आहे.

अशी चूक जावाच्या स्वतःच्या घरातही झाली आहे. १९९७ साली जेडीके १.१ बरोबर डेटाबेसशी बोलणारी जेडीबीसी आली आणि तिच्यासोबत टाइमस्टॅम्प हा क्लास. तो डेटचा चाइल्ड. डेटला मिलिसेकंदापर्यंतची वेळ कळते, टाइमस्टॅम्पला नॅनोसेकंदापर्यंत. म्हणजे माप तेच, वर गाव जास्तीचं. डेटची इक्वल्स समोर डेट आहे का बघते आणि मिलिसेकंद जुळवते. टाइमस्टॅम्पची इक्वल्स समोर टाइमस्टॅम्प नसेल तर तडक नाही म्हणते. आपण वर पाहिलेली पहिली चूक, जशीच्या तशी. पण खरी वाचण्याजोगी आहे ती क्लासच्या वर्णनातली टीप. ती सरळ सांगून टाकते की ही इक्वल्स मूळ क्लासच्या इक्वल्सशी सममित नाही, कारण साध्या तारखेचे नॅनोसेकंद कुणाला ठाऊक नसतात. आणि मग सल्ला देते की टाइमस्टॅम्पला सरसकट डेट समजू नका. हा वारसा अंमलबजावणीपुरता आहे, प्रकाराचा नाही. वारसा दिला आहे, पण नातं मानू नका! अधिकृत कागदपत्रात इतका प्रांजळ मजकूर क्वचित मिळतो.

याचा प्रत्यक्ष त्रास कसा होतो तो बघा. ऑर्डरची तारीख म्हणून फील्डचा प्रकार डेट ठेवलेला असतो. डेटाबेसातून हायबरनेटमार्फत येताना त्यात टाइमस्टॅम्प येऊन बसतो. कम्पायलरची तक्रार नाही, कारण चाइल्ड चालतो. मग कुणी चाचणी लिहितं : हाताने तयार केलेली डेट डावीकडे, डेटाबेसातून आलेली उजवीकडे. चाचणी पास. शेजारच्याने त्याच दोन किमती उलट क्रमाने लिहिल्या की चाचणी नापास, आणि दोन्हींतली वेळ मिलिसेकंदापर्यंत एकच. या फेऱ्यात एक अख्खी दुपार गेली नाही असा जुना जावावाला सापडणं कठीण. २०१४ मध्ये जावा ८ ने वेळेचे क्लास नव्याने लिहिले तेव्हा इन्स्टंट हा क्लास फायनल करून टाकला. वारसच नाही, तर वाद कुठला.

आता आपल्या ओळीकडे येऊ. मूळ चप्पल क्लासची इक्वल्स ओडर्स्की, स्पून आणि व्हेनर्स या तिघांच्या पद्धतीने लिहिली तर ती अशी चालते. आधी उत्तर ‘नाही’ धरून ठेवायचं. समोरची वस्तू चप्पल आहे का बघायचं. असेल तर तिला दॅट असं नाव द्यायचं. मग तीच अट : दॅट डॉट कॅनइक्वल धिस, आणि मापं जुळतात. याशिवाय कॅनइक्वल ही छोटी मेथड, जी चप्पल क्लासमध्ये फक्त एवढंच सांगते की समोरचा चप्पल आहे का. कोल्हापुरी क्लास दोन्ही मेथड पुन्हा लिहितो, आणि त्याची कॅनइक्वल सांगते की समोरचा कोल्हापुरी आहे का.

पहिल्या वाचनात वाटतं, हे दोनदा का विचारलं? समोरची चप्पल आहे हे आत्ताच तर इन्स्टन्सऑफने पाहिलं. पण इन्स्टन्सऑफ मी तुझ्याकडे बघून विचारते. कॅनइक्वल तू माझ्याकडे बघून. साध्या आठ नंबरला विचारलं की कापशी तुझ्यासारखी का, तर ती आधी कापशीकडे बघते : चप्पल आहे, ठीक. मग ती कापशीलाच विचारते, मी तुझ्या बरोबरीची होऊ शकते का? दॅट या नावाचा जाहीर प्रकार चप्पल आहे, पण चालताना तिथे कापशी उभी आहे, म्हणून कोल्हापुरीची कॅनइक्वल चालते. ती साध्या चपलेकडे बघते आणि म्हणते, नाही, तू कोल्हापुरी नाहीस. उत्तर नाही. उलट बाजूने कापशीला विचारलं तर पहिल्याच इन्स्टन्सऑफला उत्तर नाही. सममिती जुळली. आणि नाव छापायची पद्धत तेवढी बदललेला तो बिचारा चाइल्ड? त्याने कॅनइक्वल पुन्हा लिहिलीच नाही, म्हणजे त्याच्याकडे वारशाने आलेली मूळ कॅनइक्वल आहे, आणि ती साध्या चपलेला हो म्हणते. गेटक्लासने ज्याला अडवलं होतं तो आत आला.

जोधपुरीचा प्रसंग आठवा. तिथेही प्रश्न समोरच्याकडे वळवला होता आणि स्टॅक फुटला होता. इथेही वळवला आहे आणि फुटत नाही. कारण इथे परत पाठवलेला प्रश्न तो नाही. ‘आपण समान आहोत का’ हा मोठा प्रश्न हातात ठेवून ‘आपल्यात समानतेची गोष्ट निघू शकते का’ हा धाकटा प्रश्न तेवढा पलीकडे दिला आहे. धाकट्याला फक्त प्रकार बघायचा असतो, माप नाही, गाव नाही. तो पुन्हा कुणाला विचारायला जात नाही, उत्तर देऊन थांबतो. अख्ख्या रचनेचं मर्म मला इथे दिसतं : समोरच्याला विचारावं, पण स्वतःच्या प्रश्नापेक्षा लहान प्रश्न विचारावा. आणि हे लिहिणाऱ्या मूळ क्लासला कोल्हापुरी, जोधपुरी, पुढे कुणी काढेल ती कुठली चप्पल, यांतलं एकही नाव माहीत नाही. न जन्मलेल्या चाइल्ड क्लासला नकार द्यायची सोय मूळ क्लासने आधीच करून ठेवली आहे.

एक बारीक ओरखडा सांगतो, रसिकाने तोही बघावा. कोल्हापुरीच्या इक्वल्समध्ये आधी दॅट डॉट कॅनइक्वल धिस येतं, मग गाव, आणि शेवटी सुपरची, म्हणजे मूळ क्लासची, इक्वल्स. सुपर आत गेल्यावर पुन्हा दॅट डॉट कॅनइक्वल धिस. एकाच तुलनेत तोच प्रश्न त्याच वस्तूला दोनदा. वेळेचा खर्च नगण्य आहे, पण कानाला खटकतं. चाइल्डमधला प्रश्न गाळला तरी सुपरमुळे उत्तर बरोबरच येईल. लेखकांनी तो ठेवला, बहुधा दोन्ही क्लासांच्या मेथडचा साचा एक दिसावा म्हणून. मी असतो तर गाळला असता.

चपलेचं उदाहरण नुसतं सोयीचं म्हणून घेतलं नव्हतं. जून २०२५ मध्ये मिलानच्या पुरुषांच्या फॅशन शोमध्ये प्राडाने कोल्हापुरीच्या घाटाच्या सँडल दाखवल्या, आणि कोल्हापूरचं नाव कुठेच घेतलं नाही. इकडे आरडाओरडा झाल्यावर कंपनीने भारतीय हस्तकलेच्या पादत्राणांवरून प्रेरणा घेतल्याचं मान्य केलं. घाट जुळतो, अंगठा जुळतो, पट्टा जुळतो; एका बाजूने सगळ्या अटी पास. दॅट डॉट कॅनइक्वल धिस मात्र कुणी विचारलंच नव्हतं, आणि कोल्हापुरीकडे त्याचं उत्तर २०१९ पासून तयार होतं. त्या वर्षी मिळालेल्या जीआयमध्ये, म्हणजे भौगोलिक मानांकनात, हे नाव कुणाला लावता येईल ते लिहिलेलं आहे.

त्याच जीआयमध्ये दुसरीही एक रचना दडली आहे, आणि ती कॅनइक्वलपेक्षा शहाणी असू शकते. हे मानांकन एकट्या कोल्हापूरला नाही. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर, असे आठ जिल्हे मिळून ते आहे. बेळगाव जिल्ह्यातली अथणी आणि कागल तालुक्यातली कापशी या नावापुरत्या बरोबरीच्या. गाव आहे, कारागिराला ते ठाऊक आहे, गिऱ्हाइकाला ओळखता येतं, पण नावाच्या तुलनेत ते धरायचं नाही असं वरच्या पातळीवर ठरलं. जावाच्या लिस्टने हेच केलं. अ‍ॅरेलिस्ट आणि लिंक्डलिस्ट आतून अगदी निराळ्या. एकीत सलग जागा, दुसरीत एकमेकींना धरून उभ्या असलेल्या गाठी. तरी घटक तेच आणि क्रम तोच असला की त्या समान, कारण लिस्ट या इंटरफेसनेच समानता म्हणजे काय हे सांगून ठेवलं आहे आणि खालच्या कुणाला त्यात भर घालायची मुभा नाही. सेट आणि लिस्ट मात्र कधीच समान होत नाहीत, दोन्ही रिकामे असले तरी. इथे कुणी कुणाला काही विचारत नाही. समानता वरच ठरवून टाकली की वादाचा प्रश्न उरत नाही.

पायथनने हा गुंता भाषेवरच सोपवला. तिथे तुलनेच्या मेथडला हो आणि नाही याखेरीज तिसरं उत्तर देता येतं, नॉटइम्प्लिमेंटेड. म्हणजे मला हे ठरवता येत नाही. मग इंटरप्रिटर स्वतः दुसऱ्या बाजूला विचारतो, तिनेही हात वर केले तर दोन्ही एकच ऑब्जेक्ट आहेत का तेवढं बघून प्रकरण मिटवतो. कोल्हापुरी आणि जोधपुरी तिथे कितीही ‘तिला विचारा’ म्हणाल्या तरी स्टॅक फुटत नाही, कारण दोघींना प्रत्येकी एकदाच विचारलं जातं. शिवाय उजवीकडे डावीकडच्याचा चाइल्ड क्लास असेल तर आधी त्याला विचारायचं, असा नियम आहे. जास्त माहिती त्याच्याकडे, म्हणून बोलण्याचा पहिला मान त्याला. पायथनमध्ये डेटटाइम हा डेटचा चाइल्ड आहे, टाइमस्टॅम्पचा चुलत भाऊच म्हणायचा, पण तिथे साधी तारीख आणि वेळेसकटची तारीख यांची तुलना कुठूनही केली तरी उत्तर नाहीच येतं. निदान एकमत आहे.

बाकी ठिकाणी नव्या रचनांनी बहुतेक दार लावून घेतलं. जावाचे रेकॉर्ड, २०२१ च्या जावा १६ पासूनचे, फायनलच असतात. कॉटलिनच्या डेटा क्लासलाही वारस करता येत नाही. सी शार्पने २०२० मध्ये रेकॉर्ड आणले ते मात्र वारशासकट, आणि प्रत्येकात इक्वालिटीकॉन्ट्रॅक्ट नावाची एक प्रॉपर्टी आपोआप घातली. ती गेटक्लासचीच बहीण, फक्त हवी तर पुन्हा लिहिता येते. काम चोख करते. वाचायला त्यात काही नाही.

ब्लॉक यांचा स्वतःचा उपाय निराळा होता. कोल्हापुरीला चपलेचा वारस करूच नका, तिच्या आत एक चप्पल ठेवा. माप हवं असेल त्याने आतली चप्पल मागून घ्यावी आणि चपलेशी चपलेची तुलना करावी. कोल्हापुरीशी तुलना हवी असेल त्याने कोल्हापुरी समोर आणावी. कोणती तुलना हवी हे विचारणाऱ्यानेच आधी सांगायचं, म्हणून करार मोडायला फटच राहत नाही. नवा कोड लिहायला बसलो की मी हेच करतो आणि शिकाऊ मुलांनाही हेच सांगतो. कॅनइक्वलला हात घालायची वेळ येते ती वारसा आधीच झालेला असतो, दहा जणांचा कोड त्यावर उभा असतो आणि काही मोडता येणार नसतं तेव्हा. तोंडी परीक्षेत दोन बरोबर चिन्हं आणि इक्वल्स यांतला फरक हमखास विचारतात आणि पोरं तो पाठ करून येतात. त्याऐवजी कुणी साधी आठ आणि कापशी आठ फळ्यावर काढून, मधल्या अटीतला पहिला तुकडा पुसून, तिथे काय लिहाल असं विचारलं तर मजा येईल. बहुतेक जण इन्स्टन्सऑफ लिहितील. एखादी पोरगी धिस आणि दॅट यांच्या जागा उलट करून बघेल.